पुरात बुडालेलं रोटरी इंजिन घरी बांधता येईल का?

कोनमापक
१४ जानेवारी

नमस्कार. मी सांगलीत शाळेत गणित शिकवते. इंजिन उघडण्याचा अनुभव शून्य. स्कूटीचा प्लग बदललाय, तेवढंच.

माझे मामा शारजात बावीस वर्षं गॅरेजात होते. कायमचे परत आले तेव्हा घरसामानाबरोबर एक इंजिन घेऊन आले. माझदा आर-एक्स सेव्हनचं १३बी, टर्बो नसलेलं. गाडी नाही, नुसतं इंजिन. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेंपो डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे सांगलीवाडीत ते काय आहे हे कुणालाच कळलं नाही. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. मामांनी तिकडे अशी इंजिनं बरीच उघडली-जोडली होती. हे एक लोखंडी स्टँडवर चालतं करून ओसरीत ठेवायचं, भाचवंडांना दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. तो राहून गेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा इंजिन जिन्याखाली होतं. आठवडाभर बुडालेलं. पाणी उतरल्यावर मामांनी प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. पण आधी चिखल काढायचा होता, मग भिंती, मग धान्य, मग कपाटं. इंजिनाची पाळी आलीच नाही. आता मामांना कंपवात आहे. बोलणं, बघणं, आठवण सगळं लख्ख, पण फट मोजायच्या फिलर गेजचं पातळ पान दोन बोटांत धरता येत नाही. गेल्या रविवारी भंगारवाला दारात आला तर म्हणाले, "दिऊन टाक बाय. आता कोण बघतंय त्येच्याकडं." मी दिलं नाही.

मला या इंजिनाकडे ओढलं ते भूमितीने. पिस्टनच्या जागी इथे तिकोनी रोटर असतो. तो ज्या पोकळीत फिरतो तिचा आकार एपिट्रोकॉइड, म्हणजे मध्ये किंचित चेपलेला लंबगोल. लांबीला साधारण २४ सेंटिमीटर, रुंदीला १८. शाफ्टची विकेंद्रता (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जितकं सरकलेलं ते अंतर) १५ मिमी, रोटरची त्रिज्या १०५ मिमी, जाडी ८० मिमी. या तिघांचा गुणाकार करून त्याला तीनने आणि पुन्हा तीनच्या वर्गमूळाने गुणलं की ६५४ घन सेंटिमीटर आणि वर थोडे येतात. एका रोटरची क्षमता पुस्तकात ६५४ सीसीच दिली आहे, दोन मिळून १३०८. हे वहीत जुळलं त्या रात्री मला झोप आली नाही. मामांना दाखवलं तर त्यांनी वही जवळ ओढली आणि थरथरत्या हातानं शेजारी दोन आकडे लिहिले, ३४ आणि ५१. म्हणाले, ह्ये दाते मोज. स्थिर गिअरचे ३४, रोटरच्या आतले ५१. रोटरची एक गिरकी पुरी होईतो शाफ्ट तीनदा फिरतो, त्याचा हिशेब या दात्यांत आहे.

आता अडचण. शाफ्ट जाम आहे. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून मी आणि धाकट्या भावानं जोर केला, तसूभर हलत नाही. लांब पाइप घालून जोर वाढवू का? सीलचा संच आधीच मागवून ठेवू का? आणि मुख्य प्रश्न असा की ओसरीवर, माझ्यासारख्या नवख्या बाईच्या हातून हे नीट होईल का? मामा शेजारी खुर्चीवर असतील. हात माझे.

गुलमोहर_मिरज
१४ जानेवारी

ताई, तुमच्या मामांविषयी वाचून वाईट वाटलं. पण खरं तेच सांगतो. कृष्णेच्या पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. त्याच पुरात माझ्या दुकानातला जनरेटर बुडाला होता. महिन्याभरानं उघडला तर सिलिंडरमध्ये चाळलेल्या पिठासारखी बारीक माती, आणि रिंगा पिस्टनला चिकटून एकजीव झालेल्या. तो तरी साधा होता. कोल्हापूरला उद्यमनगरात नेला, बोअर करून घेतला, ओव्हरसाइझ पिस्टन टाकला, चालू झाला.

तुमच्या इंजिनाला ती सोय नाही. रोटरीच्या हाऊसिंगला, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाला, बोअर मारता येत नाही आणि ओव्हरसाइझ रोटर नावाची वस्तू नसते. हाऊसिंग गेलं की बदलायचं, आणि ते आपल्याकडे मिळणार कुठून? बाहेरून मागवलं तर भाडं आणि कस्टम धरून आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर साफ करून, एका बाजूनं कापून, रंग देऊन शाळेच्या प्रयोगशाळेत मॉडेल म्हणून ठेवलं असतं.

वारणाकाठ
१५ जानेवारी

मूळ वाळवा तालुक्यातला, अकरा वर्षं ऑकलंडला आहे. इथे रोटरी गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. माझं पहिलं १३बी मी भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये बांधलं. त्याआधी मीही काही उघडलेलं नव्हतं, त्यामुळे तुमचा प्रश्न जवळचा वाटला.

पाइप लावून जोर मुळीच करू नका. रोटरच्या तीन टोकांवर जी एपेक्स सीलं असतात ती तुमच्या इंजिनात फक्त २ मिमी जाड आहेत. गंजानं धरलेली असताना ओढलीत तर तुकडा पडतो आणि तो तुकडा हाऊसिंगवर ओरखडा काढत फिरतो. आज कदाचित वाचलेलं हाऊसिंग त्या एका ओढीत जाईल. सगळे प्लग काढा, प्लगच्या भोकांतून आणि इनटेकच्या तोंडांतून पॉवर स्टिअरिंगला घालतात ते एटीएफ ऑइल भरा, दोन आठवडे विसरून जा. रोज थोडं वर घालत राहा. मग पुढे-मागे नुसतं हलवून बघा. नाहीच हललं तरी बिघडत नाही, जाम असतानाही ते उघडता येतं.

कारण त्याची बांधणी आपल्या पाच खणांच्या जेवणाच्या डब्यासारखी आहे. पुढची ओतीव प्लेट, मग हाऊसिंग, मधली प्लेट, मग दुसरं हाऊसिंग, मागची प्लेट. आरपार जाणारे १८ लांब बोल्ट हे सगळं धरून ठेवतात. ते काढले की खण एकेक करून वर उचलायचे. हेड नाही, टायमिंग चेन नाही, व्हॉल्व्ह घासणं नाही. जोडण्याची कला म्हणाल तर नवख्या माणसाला जमण्यासारखी आहे. अवघड आहे ते कुठला भाग परत वापरायचा आणि कुठला नाही हे ठरवणं. म्हणून सीलचा संच आत्ता मागवू नका. आधी उघडा, धुवा, मोजा, मग पैसे काढा. मी उलटं केलं होतं. संच कपाटात आणि दोन्ही हाऊसिंगं भंगारात, अशी सहा महिने स्थिती होती.

हाऊसिंग ॲल्युमिनियमचं असतं, त्याच्या आतल्या अंगाला पोलादी पत्र्याचं अस्तर आणि त्यावर कडक क्रोम. हे क्रोम कडेला किंवा प्लगच्या भोकांजवळ पापुद्र्यासारखं सुटतं. बोटाचं नख फिरवा. नख अडकलं की तिथे खूण करा. या एका पृष्ठभागासाठी माझदाच्या लोकांनी साठच्या दशकात जिवाचं रान केलं. एपेक्स सील थरथरत गेल्यानं पोकळीत उभ्या लाटा उमटायच्या. त्यांनी त्याला नावच दिलं होतं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. ते सुटलं तेव्हा कुठे मे १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो गाडी बाजारात आली.

ओतीव प्लेटांवर दोन गोष्टी मोजा. सपाटी, ज्यात ०.०४ मिमीपेक्षा जास्त वाक नको. आणि रोटरच्या सपाट बाजूंवरच्या साइड सीलनं घासून पडलेली पायरी, जी ०.१० मिमीच्या आत हवी. पाण्याच्या रबरी रिंगा ज्या खाचेत बसतात त्या खाचेची बारीक भिंत सगळीकडे नीट बघा. गंजून तिथे भगदाड पडलं असेल तर ती प्लेट बाद, कारण पाणी थेट जळणाच्या पोकळीत जाणार.

आणखी एक, हे कागदावर लिहून भिंतीला लावा: पुढचा मधला बोल्ट सैल केल्यावर शाफ्ट मागे ढकलू नका. आत थ्रस्टची सुई-बेअरिंग असते, ती जागेवरून घसरते, दिसत नाही, आणि परत बोल्ट आवळताना चेंगरून जाते. फार लोकांनी बांधून झालेलं इंजिन त्यापायी परत उघडलंय.

मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दाते मोजायला लावले, हे मला फार आवडलं.

अजिंक्यतारा
१६ जानेवारी

साताऱ्यात एमआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. रोटरी इंजिन हातात घेतलेलं नाही. पण ०.०४ आणि ०.१० हे आकडे दिसले म्हणून लिहितो, कारण ते माझे आकडे आहेत.

बाई, ०.०४ मिमी म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. हे डोळ्यानं, स्टीलच्या फूटपट्टीनं किंवा काचेवर ठेवून बघू नका. ओसरीवर मोजलंत तर ओसरी मोजाल. माझ्या घरी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (मापासाठीचा अचूक सपाट दगड) आहे, डायल गेज आहे, चांगली सरळपट्टी आहे. प्लेटा धुऊन, कोरड्या करून, ऑइलचा हलका हात फिरवून, कापडात गुंडाळून घेऊन या. सकाळी आलात तर दुपारपर्यंत मोजून होईल. मामांनाही आणा.

दुसरं म्हणजे गंज दिसला म्हणून लेथवाल्याकडे नेऊन ग्राइंडिंग मारून आणू नका. अशा प्लेटांना बहुधा नायट्रायडिंग केलेलं असतं, वरचा अगदी पातळ थर कडक केलेला. ग्राइंडरनं तो उडाला की खालचं मऊ बीड राहतं आणि सील त्यात चर पाडतं. वारणाकाठ, यात चूक असेल तर सांगा.

वारणाकाठ
१६ जानेवारी

काका, अगदी बरोबर. नायट्रायडिंगच असतं. इथे काही जण प्लेटा लॅप (बारीक घासून सपाट) करून घेतात आणि चालवतातही, पण गरज नसताना करू नये.

कोनमापक
२४ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण प्रत्येक पायरी मामांच्या मनासारखी व्हायला हवी होती.

सतरा दिवस एटीएफ घालून ठेवलं. शाफ्ट चार-पाच अंश हलू लागला, पुढे नाही. मग उघडायचं ठरवलं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा. तेवढा सॉकेट ट्रकच्या गॅरेजमध्ये मिळाला, पण नट कुणाच्यानं सुटेना. शेवटी इंजिन टेंपोत घालून बायपासला ट्रकच्या टायरवाल्याकडे नेलं. त्याच्या हवेच्या गननं दहा सेकंदांत सुटला. पैसे घेतले नाहीत त्यानं. हे कसलं इंजिन एवढंच विचारलं आणि मामा त्याला अर्धा तास समजावत बसले. पुरानंतर मामांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं.

१८ बोल्ट मी सुरुवातीला ओळीनं काढत होते. मामा ओरडले, "आगं उलट-सुलट काढ, एका अंगानं नको." मग समोरासमोरचे, थोडे थोडे. प्रत्येक बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवला. मागची प्लेट सुटली, पण हाऊसिंग पोकळ डॉवेलांवर (खण एका रेषेत धरणाऱ्या खुंट्यांवर) गंजून बसलं होतं. भावानं हातोडी उचलली तर मामा म्हणाले, "ठोकू नगंस. तेल सोड, च्या पिऊन ये." असं तीन दिवस तेल सोडलं आणि चहा प्यायलो. चौथ्या दिवशी लाकडी ठोकळ्याच्या दोन टिचक्यांनी ते वर आलं.

रॉकेल हल्ली मिळत नाही, सगळं डिझेलनं धुतलं. रोटरच्या खाचांतला कार्बन काढायला तारेचा ब्रश लावू दिला नाही मामांनी. मोडलेल्या एपेक्स सीलचाच तुकडा घासून त्याची खरवडणी करायला लावली. तो खाचेच्याच मापाचा असल्यामुळे खाचेला जखम होत नाही. दोन रोटर, सहा खाचा, चार संध्याकाळी.

पुढच्या रोटरचं हाऊसिंग चांगलं आहे. मागच्या हाऊसिंगवर प्लगखाली बोटभर लांबीत क्रोम सुटलंय, नख अडकतं. ते गेलं असं मामांनी लगेच सांगितलं. मला रडू आलं, त्यांना नाही आलं. ते म्हणाले, "दोनातलं एक वाचलं की."

अजिंक्यतारा काकांकडे तिन्ही प्लेटा घेऊन गेलो. काकांनी आधी आम्हाला कंदी पेढे दिले आणि मग प्लेटा खोलीत दोन तास नुसत्या ठेवायला लावल्या. गाडीत तापलेल्या होत्या, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय माप घ्यायचं नाही म्हणाले. हे मी वर्गात सांगणार आहे. तिन्ही प्लेटा सपाटीत पास. पायरी जास्तीत जास्त ०.०५ मिमी. रिंगांच्या खाचांच्या भिंती शाबूत. मधल्या प्लेटवर मात्र गंजाचे दोन खड्डे आहेत, नखाला लागणारे.

यावर काकांनी एक युक्ती केली. रोटरच्या खाचांत जुनी साइड सीलं ठेवून त्यांना निळा रंग लावला, टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला लावतात तो. शाफ्ट आणि स्थिर गिअर लावून रोटर त्या प्लेटवर हातानं पुरा फिरवला. निळी वाट उमटली. एक खड्डा हाऊसिंगच्या भिंतीखाली जातो, तिथे कुठलंच सील फिरत नाही. दुसरा वाटेपासून दोन मिमी लांब राहिला. मी तोपर्यंत वहीत त्या वाटेचं समीकरण मांडत बसले होते. उत्तर तेच आलं, पण काकांच्या रंगानं आधी आलं.

आता मागचं हाऊसिंग कुठून मिळेल?

गुलमोहर_मिरज
२४ फेब्रुवारी

ताई, मी पहिल्या दिवशी कापून मॉडेल करा म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. तीन प्लेटा वाचल्या ही फार मोठी गोष्ट आहे. कस्टमचे कागद भरायला मदत लागली तर सांगा, माझं दुकान आयातीच्या मालाचं आहे.

वारणाकाठ
२५ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये गावच्या यात्रेला येतोय. माझ्याकडे त्याच पिढीचं एक वापरलेलं हाऊसिंग आहे, क्रोम उत्तम, मी स्वतः पाच वर्षं चालवलेलं. सामानाच्या वजनात बसतं. गुलमोहर, विमानतळावर काय दाखवावं लागेल ते तुम्हीच सांगा. बाकी व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

सीलचा संच आता मागवा. ६ एपेक्स, १२ कॉर्नर (एपेक्स सीलांच्या टोकांशी बसणारी), १२ साइड, सगळ्यांच्या स्प्रिंगा, ऑइल रिंगांचे ओ-रिंग, पाण्याच्या रिंगा. साइड सीलं मुद्दाम लांब येतात, टोक घासून बसवायची. कॉर्नर सील आणि साइड सील यांच्यात ०.०५ ते ०.१५ मिमी फट. जास्त घासलं तर परत वाढत नाही. दोन घास मारा, बसवा, मोजा, परत दोन घास.

कोनमापक
१९ मे

हाऊसिंग आलं. वारणाकाठ स्वतः सांगलीवाडीला येऊन गेले, मामांशी तीन तास बोलले. आईनं भडंग बांधून दिलं.

साइड सीलांना बारा दिवस लागले. रोज शाळा सुटल्यावर एक. तेलदगडावर टोक घासायचं, रोटरमध्ये बसवायचं, फिलरचं पान सरकवायचं. पाचवं सील मी घाईत जास्त घासलं, फट ०.२० च्या पुढे गेली. चालवता आलं असतं, पुस्तकातली वापराची हद्द ०.४ आहे. मामांनी काही म्हटलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी एक सुटं सील परत मागवलं आणि त्याची वाट बघत आठवडा थांबले. आता बाराही ०.०६ ते ०.०९ मध्ये आहेत.

जोडणीत सगळ्यात जास्त त्रास उन्हानं दिला, हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही म्हणून सांगते. सीलं आणि स्प्रिंगा जागेवर राहाव्यात म्हणून व्हॅसलीननं चिकटवतात. मेमध्ये सांगलीत दुपारी व्हॅसलीन तेलासारखं वाहतं. पहिल्या दिवशी अकरा वाजता मधली प्लेट खाली घेताना मागच्या अंगाचं एक कॉर्नर सील टपकन निसटलं. तो खण परत उचलला. दुसऱ्या दिवशी व्हॅसलीनची डबी फ्रिजमध्ये ठेवली, पहाटे साडेचारला उठलो आणि उजाडायच्या आत मधली प्लेट बसली. ती बसवताना शाफ्ट साधारण २५ मिमी वर उचलून धरावा लागतो, नाहीतर शाफ्टचा मागच्या रोटरसाठीचा जाड भाग तिच्या भोकातून जात नाही. भावानं शाफ्ट धरला, मी प्लेट सोडली, मामा खाली वाकून फटीतून बघत होते आणि "आणि थोडं, आणि थोडं, सोड" एवढंच बोलत होते.

१८ बोल्ट ३.२ ते ४.० किलो-मीटरमध्ये (मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला तेवढ्या किलोंची ओढ) आवळायचे, आतून बाहेर, तीन फेऱ्यांत. त्यासाठी टॉर्क पाना भाड्यानं मिळाला. फ्लायव्हीलच्या नटाला मात्र ४० ते ५० किलो-मीटर लागतात, एवढा पाना कुणाकडे नव्हता. मग दीड मीटरचा पाइप घेतला, तो आडवा राहील असा सॉकेट बसवला आणि टोकाला धान्याच्या दुकानातला ताणकाटा अडकवून ३० किलोपर्यंत खाली ओढला. दीड गुणिले तीस, ४५. बलाच्या आघूर्णाचा धडा यापुढे मी या पाइपावरच शिकवीन.

शाफ्टचा पुढे-मागे खेळ ०.०४ ते ०.०७ मिमी हवा. काकांनी डायल कुरिअरनं पाठवला होता. ०.०५ भरला. भिंतीवरचा सुई-बेअरिंगचा कागद अजून तिथेच आहे.

अजिंक्यतारा
१९ मे

बाई, सुटं सील मागवून आठवडा थांबलात, तिथे इंजिन बांधलं गेलं. डायल राहू दे तुमच्याकडे.

वारणाकाठ
२० मे

चालू करण्याआधी पोकळ्यांमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजा. प्लग काढलेले असताना स्टार्टरनं फिरवून आधी ऑइलचा दाब येतोय याची खात्री करा, मगच पुढे. पोकळ्यांमधला दाब मोजायला पिस्टन इंजिनाचा साधा गेज चालतो, पण त्यातली झडप काढून टाका. नाहीतर तो तिन्ही पोकळ्यांमधला फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. झडप काढली की सुई प्रत्येक पोकळीला उडी मारते. मोबाईलवर चित्रीकरण करून हळू चालवून बघा. वेग मिनिटाला २५० फेऱ्यांच्या आसपास हवा. टर्बो नसलेल्या १३बीला किमान ६.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि तिघांत १.५ पेक्षा जास्त तफावत नको.

पुढे चालवताना पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळा, लिटरला ८ ते १० मिली. एपेक्स सीलांना वंगण पेट्रोलबरोबरच पोचतं आणि आत ऑइल मोजून सोडणारा जुना मीटरिंग पंप पुरातून निघालाय, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कोनमापक
२७ मे

काल मोजलं. ट्रकची बॅटरी आणली होती. शाफ्टच्या दर फेरीला एका रोटरचा एक धक्का, त्यामुळे सुईच्या उड्या मोजल्या की वेग कळतो. सहा सेकंदांत २५ उड्या, म्हणजे मिनिटाला २५०.

गेज लावायच्या आधी मामा खुर्चीवरून उठले. "थांब, मला बघू दे." मागच्या रोटरच्या प्लगच्या भोकावर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि भावाला स्टार्टर मार म्हणाले. फुस्, फुस्, फुस्. त्यांचा हात थरथरत होता, अंगठा नाही. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर त्यांनी हात काढला आणि पदराला पुसावा तसा माझ्या ओढणीला पुसला. म्हणाले, "एक बरी, दुसरी ढिली, तिसरी बरी. पुढं तिन्ही चांगल्या असतील."

मग गेज लावला. पुढचा रोटर ६.६, ६.४, ६.५. मागचा ६.३, ५.५, ६.२.

ती ५.५ ची पोकळी किमान आकड्याच्या खाली आहे. परत उघडू का?

वारणाकाठ
२७ मे

उघडू नका. तफावत ०.८ आहे, ती हद्दीत आहे. नवी सीलं अजून हाऊसिंगवर बसलेली नाहीत आणि माझं हाऊसिंग दुसऱ्या रोटरबरोबर घासलेलं होतं, त्याला या सीलांची सवय व्हायला वेळ लागेल. आत्ता आत जोडणीचं ऑइलही आहे, त्यामुळे कुठलाच आकडा अंतिम धरू नका. चालू झाल्यावर काही तास कमी वेगात चालवा, मग परत मोजा. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पांढरा धूर भरपूर निघेल, व्हॅसलीन जळतं ते. घाबरून बंद करू नका. पण पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे आले तर मात्र लगेच बंद करा.

आणि मामांना विचारा, पुढचा रोटर त्यांना न लावता कसा कळला.

कोनमापक
२८ मे

विचारलं. म्हणाले, "आवाज यायला का न्हाई पुढनं."

इंजिन काल संध्याकाळी चौघांनी मिळून वरच्या मजल्यावर नेलं. पुराचे दिवस सरल्याशिवाय ते खाली आणायचं नाही, असं मामांनीच ठरवलंय. मूळचं इंजेक्शन आणि त्याचा संगणक आमच्याकडे नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर बसवावा लागेल. मामांच्या मनात दोन आहेत, त्यांची मापं घेऊन नवीन धागा काढते.